१,१२,००० किलोमीटर चाललेली स्पोर्ट्स कार घेतली, त्याला तीन वर्षं झाली

बुटीबोरी रोज

मंडळी, नमस्कार. या मंचावर दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतं, जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे, किती किलोमीटरपर्यंतची बघू? उत्तरंही ठरलेली येतात. तीस हजारांच्या आतली बघा, लाखाच्या वर गेली असेल तर हात लावू नका. मी तीन वर्षांपूर्वी नेमका याच्या उलट वागलो. आता हातात तीन वर्षांच्या पावत्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी पोर्शे बॉक्स्टर, ९८७ पिढीची. २.७ लिटरचं फ्लॅट-सिक्स (आडव्या सहा सिलिंडरचं) इंजिन सीटच्या मागे, पाच गिअरचा मॅन्युअल. बांधणी २००८ ची, नोंदणी फेब्रुवारी २००९, दिल्ली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सतरा लाखांना घेतली तेव्हा मीटर १,१२,००० वर होता, आज १,५३,००० वर आहे. नागपुरात मनीषनगर ते बुटीबोरी एमआयडीसी, जाऊन-येऊन पंचेचाळीस किलोमीटर, आठवड्यातले चार दिवस याच गाडीनं. शिवाय पचमढी, चिखलदरा, दोनदा समृद्धीनं शिर्डी.

पण या गाडीच्या आधी मी दुसरीच एक घेता घेता राहिलो, ती गोष्ट आधी सांगायला हवी.

ती पुण्याची होती. हेच मॉडेल, फक्त १९,००० किलोमीटर. तळघरातल्या पार्किंगमध्ये, मऊ कव्हराखाली. रंगावर ओरखडा नाही. माझा जीव जडला होता तिच्यावर. सोबतच्या मित्रानं मात्र आधी खाली बसून टायर बघितले. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथं ३४१० होतं. ऑगस्ट २०१० चे टायर, म्हणजे बारा वर्षांचे. नक्षी नव्यासारखी आणि रबर दगडासारखं. ब्रेकच्या डिस्कवर गंजाचे खड्डे. फाईलमध्ये शेवटची सर्व्हिस २०१६ ची. मालकांना विचारलं तर म्हणाले, "चालवलीच नाही, तर सर्व्हिस कशाची करायची?" ते मनापासून बोलत होते, फसवायचा हेतू अजिबात नव्हता. पण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते गाडी चालो न चालो दर दोन वर्षांनी बदलावंच लागतं. लिफ्टवर चढवल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथं तेलाचा ओला डाग दिसला. गाडी चालत राहिली की सील तेलात भिजत राहतात, वर्षानुवर्षं कोरडे राहिले की कडक होतात. झाकणाखालची ती सुंदर गाडी आतून सुकत चालली होती. परत येताना मला खरंच वाईट वाटलं. पैसे वाचले याचा आनंद नव्हता, गाडीचं वाईट वाटलं.

दिल्लीची गाडी दिसायला हिच्यापुढे काहीच नाही. ड्रायव्हर सीटची कड झिजलेली, गिअरच्या गोळ्यावरचे आकडे पुसट, पुढच्या बंपरवर खड्यांच्या टिकल्या. मालक साठीचे. गुडगावच्या ऑफिसला रोज याच गाडीनं जायचे. तिकडे पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा, म्हणून चौदाव्या वर्षी विकायला काढलेली. त्यांनी टेबलावर एक जाड फाईल ठेवली. दर आठ-नऊ हजारांना तेल बदलल्याची पावती. ६१,००० ला सगळे इग्निशन कॉइल, ७८,००० ला वॉटर पंप, ९४,००० ला मागचे शॉक अॅब्सॉर्बर. ती फाईल मी तासभर वाचत बसलो.

मग कॉम्प्युटर लावला. या इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं याची नोंद असते. २,९०० तास. १,१२,००० ला त्यानं भागा, ताशी साडेअडतीस किलोमीटरची सरासरी येते. दिल्ली-गुडगाव रोजच्या धावपळीला ती शोभते. मीटर मागे फिरवलेला असता तर हा भागाकार वीस-बावीसवर आला असता. चुकून खालचा गिअर पडून इंजिन मर्यादेपलीकडे फिरलं असेल तर त्याचीही नोंद तिथंच सापडते.

गाडी स्वतः चालवत आणली. आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, सागर, लखनादौन, शिवनी. अकराशेच्या आसपास किलोमीटर. शिवनी सोडल्यावर पेंचच्या जंगलातून रस्ता खांबांवर वर उचलला आहे, दोन्ही बाजूंना आवाज अडवणाऱ्या भिंती, खाली जनावरांना जायला वाट. तिथं संध्याकाळी छप्पर उघडलं. थंडी होती, हीटर पायावर, आणि मागून त्या सहा सिलिंडरचा आवाज. कुठलाही दिवा पेटला नाही, तेल एक रेघही कमी झालं नाही.

आता पैशांचं. तीन वर्षांत ४१,००० किलोमीटर झाले, त्यात पेट्रोल, विमा आणि आरटीओ सोडून ७ लाख ९० हजार लागले. वॉटर पंप पुन्हा, थर्मोस्टॅट, कूलंटची टाकी आणि होस मिळून १ लाख १० हजार. एसीचे दोन कंडेन्सर ९० हजार. टायरचा एक संच १ लाख २० हजार. क्लच आणि फ्लायव्हील १ लाख ९० हजार, हे सगळ्यात मोठं. पुढचे-मागचे सस्पेन्शन आर्म १ लाख ३० हजार. उरलेले दीड लाख सहा सर्व्हिसचे. या इंजिनात साडेसात लिटरच्या आसपास तेल जातं, तेव्हा सर्व्हिस स्वस्त होत नाही. किलोमीटरमागे एकोणीस रुपये पडले. पेट्रोलचे अकरा वेगळे, सरासरी लिटरला साडेनऊची आहे. ज्याला हे आकडे जड वाटतील त्यानं घेऊ नये, असं स्पष्ट सांगतो. "सतरा लाखांत पोर्शे" एवढंच डोक्यात ठेवून कोणी घेतली तर पहिल्याच उन्हाळ्यात ती अंगणात उभी राहील.

आणि उन्हाळा आपला. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेलेत. मे अखेरच्या नवतप्यात दुपारी दोनला वर्धा रोडच्या सिग्नलवर उभं राहून जी गाडी तापत नाही ती बाकी कुठंही तापणार नाही. बॉक्स्टरचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत असतात आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. त्या दोन तोंडांतून वाळलेला पाला, धूळ, प्लास्टिकच्या पिशव्या आत जातात आणि मध्ये अडकून बसतात. पाल्यात ओल धरते, कंडेन्सर कुजतो. माझे कंडेन्सर त्यानंच गेले, पहिल्या वर्षी मी बंपर काढून साफसफाई केली नव्हती. आता होळी झाली की बंपर उतरवतो, दोन बादल्या कचरा निघतो. मृग लागायच्या आत छपराच्या कडेची पाणी जायची भोकंही मोकळी करतो. कडुनिंबाखाली उभी करत असाल तर ती बुजणारच आणि पाणी थेट सीटखालच्या गालिच्यात उतरणार. या आधीच्या ९८६ पिढीत इमोबिलायझरचं (चावी ओळखणारं) मॉड्यूलच सीटखाली आहे. ते भिजलं की गाडी सुरूच होत नाही.

मला विचाराल तर अशा गाडीत किलोमीटर हा दोष नाही, उभं राहणं हा दोष आहे. आणि घेतल्यावर तुम्हीही ती उभी ठेवू नका. बाकी प्रतिसादांत बोलू.

काटोल नाका

भाऊ, मन लावून वाचलं. एक शंका. रोजचे स्पीड ब्रेकर कसे जमवता? आमच्या गल्लीत तर सेडान घासून राहिल्या.

बुटीबोरी रोज

ब्रेकर सरळ चढत नाही, तिरकं घेतो, एकेक चाक. मनीषनगर ते वर्धा रोड एवढ्या टप्प्यात तीन ब्रेकर वाईट आहेत, तिथं मागच्यानं कितीही हॉर्न दिला तरी मी पायी चालल्यासारखा जातो. सिमेंट रोडचा जास्त त्रास कडेला आहे. मधला भाग उंच आणि कडेचा पेव्हर खाली, तिथं उतरताना बंपरचा पुढचा ओठ घासतो. तीन वर्षांत खालची प्लास्टिकची पट्टी दोनदा बदलली.

दहा-बाराचा पाना

मी बावीस वर्षं गॅरेजमध्ये आहे, त्यातली अकरा या महागड्या गाड्यांत. धागाकर्त्याचं म्हणणं पटते, पण अर्धं. चाललेली गाडी चांगली हे तेव्हाच खरं, जेव्हा चालवणाऱ्यानं पैसे लावले. चाललेली आणि सर्व्हिस न केलेली गाडी ही उभ्या गाडीहून वाईट. लोक हा धागा वाचून लाख किलोमीटरची कोणतीही उचलतील म्हणून थोडं लिहितो.

बॉक्स्टर आणि तिची बंद छपराची बहीण केमन, यांचं पहिलं विचारा, इंजिन कोणत्या सालाचं. २००८ पर्यंतच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं, म्हणजे क्रँकची फिरकी कॅमच्या चेनपर्यंत नेणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग आहे, ते तुटलं की इंजिनच जाते. २००० ते २००५ च्या दरम्यानचं एकेरी बेअरिंग सगळ्यात कच्चं. २००६ ते २००८ मध्ये मोठं टाकलं, ते फार कमी जाते, पण बदलायचं म्हटलं तर पूर्ण इंजिन फाडा लागते. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात हे बेअरिंगच नाही. म्हणून जुन्या इंजिनाचं तेल काढलं की ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडून पाहा. चमकणारा लोखंडाचा चुरा दिसला तर तिथंच थांबा. चुंबक फिरवला की लोखंड कोणतं, अॅल्युमिनियम कोणतं ते कळते. दीडशे रुपयाचा चुंबक आहे, कोणी नेत नाही. ३.४ लिटरवाल्यात याशिवाय सिलिंडरच्या भिंतीला ओरखडे पडतात, त्यासाठी कॅमेरा आत टाकून बघणं आलंच.

वॉटर पंपाचं त्यांनी लिहिलंच. त्याचं पंखं प्लास्टिकचं असते, तुटलं की तुकडे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत जाऊन बसतात. गळायची वाट पाहू नका. आणखी एक, नागपुरात हे सगळ्यात महत्त्वाचं. गाडी थंड असताना एसी लावा आणि पुढं जाऊन ऐका. दोन्ही कोपऱ्यांतले पंखे हळू स्पीडवर फिरले पाहिजेत. त्यांचा रेझिस्टर जळला की हळू स्पीड बंद होते, फक्त जोरातलं राहते. गाडी मग तापल्यावरच पंखा लावते. मालकाला वर्षभर पत्ता लागत नाही, मे महिन्यात लागते.

मर्सिडीजच्या एसएलके २०० कॉम्प्रेसरमध्ये टायमिंग चेन लांबते. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी चावी मारा, पहिले दोन-तीन सेकंद खडखड आली तर चेनचा खर्च किमतीतून वजा करा. विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवून राहिला असेल तर बोनेटला हात लावून परत या. ऑडी टीटीतल्या सहा गिअरच्या डीएसजीचं (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) तेल दर ६०,००० ला बदलायचं असते. पावती मागा. "लाइफटाइम ऑइल आहे" म्हणणारे लय भेटतील.

आणि २३ सप्टेंबर २०२३ विसरू नका. त्या रात्री अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीनं रस्ते गिळले, अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊटमध्ये गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून बाजारात आल्या. सीटबेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ असते, ती कोणी धूत नाही. सीटखालचे बोल्ट गंजले का पाहा. गालिच्याखालचा फोम दाबून नाकाला लावा. कमी किलोमीटरची स्वस्त स्पोर्ट्स कार नागपूरचीच असली तर हे आधी.

तीन पोरांची आई

पाना दादा, तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवला.

माझा अनुभव स्वस्तातला आहे, पण इथं बसेल असं वाटतं. माझ्याकडे पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो, १५० अश्वशक्ती, पाच गिअर. पांढरीशुभ्र, २,४१,००० किलोमीटर. सतरा लाखांची बात नाही, पावणेतीन लाखांत घेतली होती, तेव्हा १,७०,००० झालेली. मी शिक्षिका आहे, कामठीला जाते. मागे तीन मुलं आणि तीन दप्तरं बसतात. सुट्टीत रामटेकला जाताना मानसरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो भरतो, तेव्हा मुलं मागून "आई, अजून!" म्हणतात.

लोकांनी आधी नावं ठेवली. बाईमाणसानं ऑटोमॅटिक हॅचबॅक घ्यावी, ही काय जुनी डबडी, वगैरे. मी घेताच पहिल्या आठवड्यात टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलले, कारण बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि मग गाडीच्या किमतीएवढं बिल येतं. तेव्हापासून सत्तर हजारांवर किलोमीटर झाले, गाडीनं मला रस्त्यात एकदाच सोडलं. इग्निशन कॉइल होता. आता एक जास्तीचा कॉइल आणि पाना डिकीत असतो, बदलायला पाच मिनिटं लागतात, मी स्वतः बदलते.

सांगायचं एवढंच, स्पोर्ट्स कार म्हणजे दोनच सीटची आणि परदेशातून आलेलीच असं धरू नका. पुंटो अबार्थ बघा, १४५ अश्वशक्तीची. फियाटनं इथला कारभार गुंडाळलाय, तेव्हा सुटे भाग आधी शोधून ठेवा.

बुटीबोरी रोज

ताई, तुमचा प्रतिसाद माझ्या मूळ पोस्टपेक्षा मोलाचा आहे. २,४१,०००! पुढच्या वेळी रामटेकला निघालात की कळवा, मी मागून येतो.

धरमपेठ जुना वाडा

मला एक गोष्ट पटत नाही. रोज कशाला? अशी गाडी रविवारी काढावी, जपावी. बुटीबोरीला जायला साधी गाडी आहे की. ट्रकच्या गर्दीत, धुळीत ती झिजवण्यात काय आनंद?

बुटीबोरी रोज

वाडेकर साहेब, हा प्रश्न मला घरीही विचारला गेला, म्हणून जरा नीट उत्तर देतो.

इंजिनातलं पाणी पाच-सात मिनिटांत तापतं, काटा मध्यावर येतो आणि आपण समजतो गाडी तयार झाली. तेल तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. इंजिनात जळण्यातून पाण्याची वाफ होते आणि थोडं पेट्रोलही तेलात उतरतं. तेल पूर्ण तापलं तरच ते उडून जातं. रविवारी धरमपेठेतून फुटाळ्यावर जाऊन चहा पिऊन परत आलं, की दर वेळी तेलात थोडं पाणी मागे राहिलं. वर्षभर असं केलं की फिलरच्या झाकणाखाली पांढरट साय दिसते. माझे एका बाजूचे बावीस किलोमीटर त्यासाठी नेमके आहेत. पहिले दहा मी इंजिन कधीच मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वर फिरवत नाही. जामठा मागे पडलं की मग.

दुसरं, पेट्रोल. पंपावरचं साधं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं आहे आणि इथेनॉल पाणी ओढतं. २००८ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. रबराचे इंधन-होस मी बदलून घेतले. पण टाकी दर आठवड्याला रिकामी होऊन भरत असेल तर निम्मी काळजी मिटते. अर्धी टाकी घेऊन गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळ्यांना भोगावं लागतं.

आणि आनंदाचं विचारलंत. सकाळी सव्वाआठला खापरीच्या अलीकडे ऊन कोवळं असतं, छप्पर उघडं, डाव्या बाजूला मेट्रो चाललेली. माझी नोकरी यंत्राच्या आवाजातली आहे, आठ तास कान बधिर होतात. त्याआधीची ती पस्तीस मिनिटं माझी आहेत. ती मला आठवड्यातून चार वेळा हवी आहेत.

समृद्धी एक्झिट

अमरावतीहून. समृद्धीवर नेणार असाल तर टायरकडे बघा, एवढंच सांगायला आलो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी ५२० किलोमीटर सुरू झाला तेव्हापासून मी महिन्यातून दोनदा जातो. सरळ, काँक्रीटचा, उन्हाळ्यात दुपारी तव्यासारखा. जुना टायर शहरात चाळीसच्या वेगानं दहा वर्षं टिकतो, तिथं तास-दीड तास सलग १२० नं फिरला की आतून सुटतो. सहा वर्षांवरचा टायर नक्षी कितीही असो, काढून टाका. हवा पहाटे, गाडी थंड असताना भरा, कंपनीनं सांगितली तेवढीच. "उन्हाळा आहे, चार पॉइंट कमी भरतो" हे पंपावरच्या पोराचं ऐकू नका. कमी हवेचा टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. मर्यादा १२० ची आहे, ती पाळा. गाडी दोनशे चाळीसची असली तरी पुढून येणारी नीलगाय तीच आहे.

काटोल नाका

+१. आणि दर शंभर किलोमीटरला उतरा. डोळ्याला रस्ता तोच तोच दिसून झापड येते.

झिरोमाईल २७

काका, मी सत्तावीस वर्षांचा आहे, आयटीत आहे, मिहानमध्ये. बीएमडब्ल्यू झेड४ घ्यायची आहे, एस-ड्राइव्ह ३५आय, घडीच्या पत्र्याच्या छपराची. दोन पाहून राहिलो. एक मुंबईची, २०११ ची, ३१,००० किलोमीटर, चौथा मालक, बिलं दोनच. दुसरी हैदराबादची, तीही २०११ ची, १,१८,०००, पहिलाच मालक, बिलं सगळी. मुंबईवाला दोन लाख जास्त मागतो. बाबा म्हणतात मुंबईची घे, विकताना बरी पडेल. तुम्ही सगळे सांगा.

दहा-बाराचा पाना

त्या गाडीत एन५४ इंजिन आहे, दोन टर्बोचं, ३०६ अश्वशक्ती. ताकद लय, पण तीन गोष्टी पाहा. हाय-प्रेशर फ्युएल पंप बदलला का. ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट पाझरते का. आणि वॉटर पंप, तो यात विजेवर चालते, पट्ट्यावर नाही. लाखाच्या आसपास न सांगता बंद पडते, थर्मोस्टॅटसोबतच बदलायचा. हैदराबादच्या बिलांत हे तीन शोध. मुंबईच्या गाडीत हे तिन्ही अजून व्हायचे आहेत असं धर आणि वर समुद्राची खारी हवा. खालून गंज पाहा.

बुटीबोरी रोज

बेटा, पानाभाऊंनी सांगितल्यावर मी इंजिनाचं बोलत नाही, कागदांचं बोलतो, कारण तिथं मी स्वतः चार महिने घालवले.

परराज्यातली गाडी घेताना तिथल्या आरटीओचं ना-हरकत, फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नकोस. गाडीवर कर्ज होतं तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. मग मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर इथली नोंदणी करावीच लागते आणि महाराष्ट्राचा कर मूळ किमतीवर, गाडीच्या वयाप्रमाणे घट धरून लागतो. मूळ किंमतच साठ लाखांच्या घरातली असेल तर घट धरूनही तो आकडा लाखांत जातो. मुंबई आणि हैदराबादच्या किमतीची तुलना हा कर मिळवून कर. मुंबईच्या गाडीला तो भरावा लागणार नाही, हे तिच्या बाजूनं आहे, ते लपवायचं कारण नाही.

आणि २०११ ची गाडी २०२६ मध्ये पंधरा वर्षांची होते. नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, त्यासाठी फिटनेस लागतो. आयात केलेल्या चारचाकीला एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचं शुल्क ४०,००० झालं. मी फेब्रुवारी २०२४ मध्ये भरलं. पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर वेगळा. हे सगळं आधी वहीत मांड, बाबांना दाखव. त्यांचा विकण्याचा मुद्दा चुकीचा नाही, बाजार अजून मीटर बघूनच भाव देतो. पण तू विकायला घेतोयस की चालवायला, हे त्यांना सांग.

तीन पोरांची आई

बाबांना सोबत घेऊन जा गाडी बघायला. माझ्या सासऱ्यांचा विरोध गाडीत बसल्यावर मावळला होता.

धरमपेठ जुना वाडा

माझ्या मोठ्या भावाची एक जुनी मर्सिडीज आठ वर्षांपासून वाड्याच्या ओसरीत उभी आहे. हा धागा वाचून काल कव्हर काढलं. चारही टायर बसलेत. पाना भाऊ, सुरुवात कुठून करू?

दहा-बाराचा पाना

चावी मारू नका! जुनं पेट्रोल काढा, नवी बॅटरी, तेल आणि फिल्टर नवं. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचा-चमचा तेल सोडा, एक दिवस राहू द्या, मग हातानं इंजिन फिरवून पाहा. उंदरांनी वायरी खाल्ल्या का तेही. मी गुरुवारी त्या बाजूला येणार आहे, येऊन जातो.

झिरोमाईल २७

तीन आठवड्यांनी लिहून राहिलो. हैदराबादची घेतली. फ्युएल पंप ५२,००० ला बदललेला, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट ९७,००० ला, दोन्हीची बिलं आहेत. गॅस्केट पाझरते, ते किमतीतून वजा करून घेतलं. इथला कर मिळवल्यावर मुंबईच्या गाडीपेक्षा महाग पडली, तरी बाबांसमोर वहीत मांडून मग घेतली. बाबा सोबत होते. आदिलाबादच्या पुढे त्यांनीच चालवायला मागितली आणि हिंगणघाटपर्यंत परत दिली नाही. आता सोसायटीत उभी आहे. पाना भाऊ, गॅस्केटसाठी कधी आणू?

दहा-बाराचा पाना

अभिनंदन पोरा. रविवारी रात्री गॅरेजवर लावून चावी ठेवून जा. सोमवारी सकाळी थंड इंजिन मलाच सुरू करायचं आहे, तू करून आणू नको.

झिरोमाईल २७

आठला येतो. मीटर १,१८,६४० वर आहे.